पाठीचा बाक मोजायचा कसा?

"पोक काढू नकोस, ताठ बस!" असे आपण वर्गात दिवसातून एकदा तरी म्हणतो. पण एखाद्याची पाठ खरोखरच वाकडी आहे, की ती नुसती बसण्याची सवय आहे, हे नजरेने ठरवता येईल का?

पाठीचा कणा बाजूने पाहिला तर नागमोडी दिसतो. हा आकार नैसर्गिकच आहे. मागून पाहिल्यास मात्र तो सरळ दिसायला हवा. काही मुलांत वाढीच्या वयात कणा डावीकडे किंवा उजवीकडे वळतो आणि मणके स्वतःभोवती पिळलेही जातात. हा स्कोलिओसिस. त्याचे प्रमाण माप म्हणजे अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडलेला 'कॉब कोन'. क्ष-किरण चित्रात वळणाच्या दोन टोकांचे सर्वांत कललेले मणके घेऊन त्यांच्यामधला कोन मोजतात. तो १० अंश किंवा जास्त असेल, तर स्कोलिओसिस आहे असे मानतात.

मग प्रत्येकाचे क्ष-किरण चित्रच का काढू नये? अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात या विकारावर उपचार घेतलेल्या ५,५७३ स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकीची सरासरी सुमारे २५ चित्रे काढलेली होती. स्तनाच्या कर्करोगाने सुमारे ४६ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात झाले ७७. आता किरणांची मात्रा पुष्कळ कमी असते, तरीही अनावश्यक चित्र टाळणेच शहाणपणाचे.

यावर जुना उपाय म्हणजे लंडनच्या विल्यम ॲडम्स यांची १८६५ सालची चाचणी. मुलाला कमरेतून पुढे वाकवायचे आणि पाठीची एक बाजू उंच दिसते का, ते पाहायचे. १९८४ साली विल्यम बनेल यांनी या चाचणीला आकड्यांची जोड दिली. त्यांच्या स्कोलिओमीटरमध्ये द्रवाने भरलेल्या वक्र नळीत एक गोळी असते. उपकरण पाठीवर आडवे ठेवले की गोळी सर्वांत खालच्या जागी थांबते आणि कलाचे अंश दाखवते.

आता मुख्य प्रश्न. या मापावर विश्वास कितपत ठेवावा? येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पुन्हा पुन्हा मोजूनही, माणूस बदलूनही तेच उत्तर येणे म्हणजे विश्वासार्हता. जे मोजायचे तेच मोजले जाणे म्हणजे यथार्थता. रोज दहा मिनिटे पुढे असणारे घड्याळ विश्वासार्ह आहे, पण वेळ चुकीचीच दाखवते.

स्कोलिओमीटर पाठीचा पीळ मोजतो, कण्याचे वळण नव्हे. त्यामुळे त्याचे ७ अंश म्हणजे कॉब कोनाचे ७ अंश नव्हेत. शिवाय मूल किती वाकले, पावले कशी ठेवली, यावर आकडा हलतो. समजा, मोजण्यातच ३ अंशांचा फरक पडतो. मग ६ चे ८ झाले म्हणून बाक वाढला असे म्हणता येणार नाही. कॉब कोनातही सुमारे ५ अंशांची चूक होऊ शकते.

म्हणून क्ष-किरण कोणाला लागेल हे निवडण्यासाठी ५ ते ७ अंशांची मर्यादा वापरतात. मर्यादा ५ धरली तर अनेक निरोगी मुलांना उगाच क्ष-किरण घ्यावे लागतात. ७ धरली तर एखादे आजारी मूल निसटते. कोणती चूक परवडेल, हे उपकरण सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचे असते.

वर्गात एक प्रयोग करून पाहू या. एकाच विद्यार्थ्याच्या खांद्याची जमिनीपासूनची उंची पाच जणांनी, एकमेकांचे आकडे न पाहता, तीनदा मोजावी. आकडे फळ्यावर मांडले की मापनातली चूक म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.