बिल्ला वाचायचा कसा?

मला लष्करी बिल्ले जमवायचा नाद आहे. परवा शहाड स्टेशनच्या पुलावर एका निवृत्त काकांच्या टोपीवर महार रेजिमेंटचा बिल्ला दिसला आणि मी थांबलोच. काकांनी हौसेने टोपी काढून हातात दिली.

एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि मधोमध उभी कट्यार. बंदुकीची नळी जाड दिसते, कारण ती थंड ठेवायला भोवती पाण्याचं आवरण असायचं.

रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली. तेव्हा बिल्ल्यावर होता कोरेगावचा विजयस्तंभ, १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, म्हणून बंदुका आल्या. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. स्तंभ असलेला जुना बिल्ला माझ्या मते जास्त देखणा आणि जास्त बोलका आहे. कुणाच्या घरी असेल तर जिवापाड जपा!

टोपीवरच्या बिल्ल्यासारखी लष्करातली खांद्यावरची हुद्द्याची चिन्हंही बदलली. प्रजासत्ताक झाल्यावर ब्रिटिश मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. ताऱ्याचा घाटही बदलून पंचकोनी झाला.

एक खूण लक्षात ठेवा. दोन तारे लेफ्टनंटलाही असतात आणि सुभेदारालाही. पण सुभेदाराच्या ताऱ्यांखाली लाल-पिवळी पट्टी असते. लग्नात गणवेशातले पाहुणे भेटले की हमखास उपयोगी पडतं.

आजोबा-पणजोबांचा बिल्ला घरात असेल आणि ओळखता येत नसेल, तर कमेंटमध्ये फोटो टाका. मागची बाजूही दाखवा, जुना-नवा ओळखायला तिची मदत होते.