तार तीच, वेग नवा

रोह्यासारख्या गावात घरच्या संगणकाला इंटरनेट मिळाले ते टेलिफोनच्या तारेतून. डायल-अप मोडेम नंबर फिरवून जोडणी करी. तेवढा वेळ फोन अडकलेला, कॉलचे पैसे चालू आणि वेग फार तर ५६ केबीपीएस. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेग ठरवला आणि २००५ मध्ये बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली.

तार मात्र तांब्याचीच राहिली. तिच्यातून आवाज कमी कंप्रतेवर, तर डेटा वरच्या कंप्रतेवर धावतो. स्प्लिटर दोघांना वेगळे करतो, म्हणून बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालते. त्यासाठी जुना मोडेम चालत नाही, एडीएसएल मोडेम लागतो.

एक्स्चेंजपासून अंतर वाढेल तसा वेग घटतो. त्यामुळे बाजारपेठेतल्या घराला मिळणारा वेग दूरच्या वाडीला मिळेलच असे नाही. कोकणच्या पावसात तारेच्या सांध्यात पाणी शिरले की जोडणी तुटते. फोनमध्ये खरखर ऐकू आली तर आधी तार तपासून घ्या. विजा चमकू लागण्याआधीच मोडेमचा प्लग आणि फोनची तार, दोन्ही काढून ठेवा.