आमच्या घरचा वाहतूक-पोलीस

आमच्या घरी सध्या एक वाहतूक-पोलीस मुक्कामाला आहे. नाव मनू, वय वर्षे सहा, इयत्ता पहिली, गळ्यात जत्रेतली शिट्टी. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती आजीला अडवते आणि आजी बिचारी आमटीचे पातेले हातात धरून, "अगं, पोळतंय गं मला!" म्हणत हिरव्या दिव्याची वाट पाहते. माझ्या खोलीच्या दारावर तिने कर्ण्यावर काट मारलेले चित्र चिकटवले आहे. भोंगा वाजवण्यास मनाई! वर्गात बोलायच्या आवाजात मी घरातही बोलतो, अशी सौ.ची जुनी तक्रार होती. तिला आता सरकारी मान्यता मिळाली.

हे सारे मीच ओढवून घेतले. पहिलीच्या मुलांना वाहतुकीच्या खुणा घरी शिकवाव्यात, अशी चिठ्ठी जूनमध्ये शाळेतून आली. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. काहीही शिकवायचे म्हटले की आधी त्याचे व्याकरण शोधणार. पुठ्ठा, कात्री आणि रंगपेटी घेऊन आम्ही बापलेक एका रविवारी जमिनीवर बसलो, आणि काय सांगू, व्याकरण खरोखरच सापडले!

गोल म्हणजे आज्ञार्थ. लाल कडेचा गोल म्हणतो 'करू नकोस', निळा गोल म्हणतो 'असंच कर'. त्रिकोण म्हणजे घरातले वडीलधारे माणूस : 'पुढे वळण आहे हो, पुढे शाळा आहे, जपून.' चौकोन म्हणजे साधे विधान : 'इथे इस्पितळ आहे, इथे पेट्रोल मिळते.' आता अपवादांशिवाय व्याकरण कसले? 'थांबा' ही पाटी अष्टकोनी, आणि 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' हा उलटा त्रिकोण. हे आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. अक्षरे धुळीने माखली, तरी नुसत्या आकारावरून हुकूम कळावा.

ह्या खुणांबाबत १९६८ साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि थोड्याफार फरकाने हीच चित्रलिपी आज अनेक देशांत चालते. जोडाक्षरे आली की अडखळणारी माझी लेक ही लिपी आठ दिवसांत घडाघडा वाचू लागली. रात्री जेवताना तिला गोष्टी हव्यात. मी सांगितले, की रस्त्यावरचा पहिला सिग्नल लंडनमध्ये पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८ मध्ये उभा राहिला. दिवसा त्याचे हात वरखाली होत आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे लागत. महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला. "मग तो बरा झाला का?" हे विचारल्याशिवाय मनूने पुढचा घास घेतला नाही.

इथवर सगळे कौतुकाचे. पण हा लेख लिहायला बसलो तो कौतुकासाठी नव्हे.

ऑगस्टमधली पावसाळी सकाळ. शाळेला उशीर झालेला. स्कूटरवर मागे मनू, तिच्या डोक्यावर छोटे हेल्मेट, आणि तेवढ्यावरच मी स्वतःला आदर्श पालक समजत होतो. सदाशिव पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी 'प्रवेश बंद'ची पाटी आहे. सरळ वळसा घेतला तर पाच मिनिटे, बोळातून गेले तर अर्धे मिनिट. मी स्कूटर आत घातली.

"बाबा, गोल!" मागून आवाज आला.

"अगं, चाळीस पावलं तर जायचंय. उशीर झालाय ना!"

ती गप्प बसली. तिला पटले, असे मी धरून चाललो.

चार दिवसांनी संध्याकाळी आम्ही दोघे टिळक रस्त्यावर भाजीला निघालो होतो. चौकात पायी चालणाऱ्यांसाठीचा लाल माणूस लागलेला. मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, आणि तेवढ्या क्षणात मनू रस्त्यावर उतरली. कडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडून रिक्षा आली. ब्रेक करकचले. मुलगी आणि रिक्षाचे चाक ह्यांच्यात वीतभर अंतर राहिले असेल.

रिक्षावाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो मनूला काही बोलला नाही. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, "साहेब, पोरीचा हात धरा."

मी मात्र, भेदरलेली माणसे करतात तेच केले. लेकीवर ओरडलो. "लाल दिवा दिसला नाही का तुला?"

तिचे ओठ थरथरत होते. "दिसला. पण चाळीसच पावलं होती ना, बाबा!"

वाचकहो, वीस वर्षे मी शिकवतो आहे. माझ्या शिकवण्याचे इतके चोख उत्तर आजवर कोणाही विद्यार्थ्याने दिलेले नाही. पुठ्ठ्याच्या पाट्यांवरून मी नियम शिकवला, आणि स्कूटरवरून तो कधी मोडायचा तेही शिकवले. तिने दोन्ही धडे पाठ केले.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. स्टिना सँडेल्स ह्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात लहान मुलांचा रस्त्यावरचा वावर अभ्यासला. त्यांचा निष्कर्ष असा, की कितीही शिकवले तरी लहान मूल आजच्या रहदारीला पुरते उतरू शकत नाही. लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांचे काम २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांना आढळले, की ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी गाडी जवळ येते आहे, हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. म्हणजे मूल पाहते, पण गाडीचा वेग त्याला मोठ्यांसारखा उमगत नाही. पाटी वाचता आली म्हणजे रस्ता वाचता आला, असे नव्हे.

तेव्हापासून आमची शाळा रस्त्याच्या कडेला भरते. कडेला आले की थांबायचे. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहायचे. आपल्याकडे वाहने डाव्या हाताने चालतात, म्हणून जवळची गाडी उजवीकडून येते. हे कारण सांगितल्यावर क्रम चुकेनासा झाला. उभ्या गाड्यांच्या मधून ओलांडायचे नाही, कारण तिची उंची बॉनेटएवढी. तिला गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला ती दिसत नाही. पदपथ नसेल तिथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालायचे, आणि मूल आतल्या अंगाला ठेवायचे. केव्हा ओलांडायचे ते मनू सांगते, पण निर्णय माझा, आणि तिचा हात माझ्या हातात.

कायदाही आपली जबाबदारी ओळखून आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील मुलालाही दुचाकीवर हेल्मेट आवश्यक झाले. त्याहून लहान मुलासाठी २०२२ च्या नियमांनी हेल्मेटच्या जोडीला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा सांगितला, आणि वेगाला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घातली. पण बोळाच्या तोंडाशी दर वेळी पोलीस उभा नसतो. तिथे मागच्या सीटवरचे दोन डोळे असतात.

खरे म्हणजे त्या सकाळचा गुन्हेगार बोळ नव्हता, पाऊसही नव्हता. मी दहा मिनिटे उशिरा उठलो होतो. हे मी मनूजवळ कबूल केले. "त्या दिवशी बाबा चुकला," एवढे चारच शब्द, पण प्राध्यापकाच्या तोंडून ते बाहेर पडायला किती वेळ लागतो ते सौ.ला विचारा.

दिवाळीच्या सुट्टीत मनूने नवी पाटी रंगवली. घराच्या दाराला आतून, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, ती लावून घेतली आहे. त्यासाठी आजीकडून स्टूल धरवले. निळा गोल, मधोमध घड्याळ, खाली वेडावाकडा आकडा : १०. आजीने विचारले, "हे गं काय?"

"निळा गोल म्हणजे 'असंच कर'. दहा मिनिटं आधी निघायचं."

त्यानंतर मी दोनदा उशीर केला. दोन्ही वेळा शिट्टी झाली, आणि दोन्ही वेळा मी पाच मिनिटांच्या वळशाने गेलो.