अन्याय मोजण्याचा खर्च कोणी करावा?

कतारची राजधानी दोहा हिच्या नैऋत्येस ‘इंडस्ट्रियल एरिया’ नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. तेथील रस्ते क्रमांकांनी ओळखले जातात. गोदामे, मोटार-दुरुस्तीच्या शाळा आणि त्यांना लागूनच मजुरांच्या बराकी. भारत, नेपाळ, बांगलादेश येथून आलेला मजूर दिवसभर शहर बांधतो आणि रात्री येथे पाठ टेकतो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे १ ते ३२ क्रमांकांच्या रस्त्यांचा भाग बंद करण्यात आला, तेव्हा कोठे पुष्कळांना या वसाहतीचे नाव ठाऊक झाले.

अभ्यासकांना मात्र या मजुरांची स्थिती आधीपासून ठाऊक होती, आणि त्या अभ्यासाचा पैसा आला होता कतारमधूनच! कतार फाउंडेशनने २००६ मध्ये स्थापिलेल्या राष्ट्रीय संशोधन निधीच्या अनुदानातून मानववंशशास्त्रज्ञ अँड्र्यू गार्डनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील अल्पवेतनी परदेशी कामगारांची पाहणी केली. १,१८९ जणांना प्रश्न विचारले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार त्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांची पारपत्रे मालकांच्या ताब्यात होती. वस्तुतः २००९ च्या कायद्याने मालकास तसे करण्याची मनाई होती.

ज्याचे मीठ खावे त्याचे दोष कसे सांगावेत, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. ती रास्तच आहे. निधी देणारा विषय निवडू शकतो, नको तो प्रश्न मागे ठेवू शकतो. तथापि येथे एक लाभही झाला: हे आकडे कोणा वैऱ्याने रचले, असे म्हणण्याची सोय उरली नाही.

प्रश्न केवळ मजुरीचाही नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविषयक प्रतिनिधी तेंदायी अचियुमे यांनी २०१९ मध्ये कतारला भेट दिली. कोणत्या देशाचे पारपत्र आहे यावर माणसाची किंमत ठरते, आणि ही प्रत्यक्षात जातिव्यवस्थाच होय, असा त्यांच्या अहवालाचा आशय होता. महाराष्ट्रातून आलेल्या आपणांस त्या शब्दाचा अर्थ कोणी शिकवायला नको. मार्च २०२१ पासून तेथे सर्व देशांच्या कामगारांना दरमहा किमान १,००० रियाल हे एकच मूळ वेतन लागू झाले. ते त्या पाहणीमुळेच घडले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, वृत्तपत्रे व विश्वचषक यांचा रेटा मोठा होता.

माझा आक्षेप वेगळा आहे. तो निबंध इंग्रजी नियतकालिकात छापला गेला. ज्याच्या उत्तरांवर तो उभा आहे, त्या बराकीतील मजुराला तो कोणी वाचून दाखवावा?

या बाबतीत आपला अनुभव बोलका आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये बेने इस्राएलांचा इतिहास लिहून पुरा केला. तो चाळीस वर्षे हस्तलिखितच राहिला व १९३७ मध्ये डॉ. इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या पुढाकाराने तेल अवीव येथे छापला गेला; तोवर केहीमकर हयात नव्हते. तोही ग्रंथ इंग्रजीत. मराठी कीर्तने ऐकत वाढलेल्या आपल्या किती आजी-आजोबांनी तो वाचला असेल? आणि ग्रंथ छापलेला असूनही १९६२ ते १९६४ या काळात, विवाहाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा, आपण कोण हे आपणांस येथे अगदी पहिल्यापासून सांगावे लागले.

म्हणून वंश, धर्म वा न्याय यांच्या अभ्यासासाठी कोणीही अनुदान मागो, अर्जातील खर्चाच्या तक्त्यात भाषांतराची आणि स्वस्त छपाईची रक्कम प्रथम पाहावी. कतारच्या पाहणीपुरती ती हिंदी, नेपाळी, बंगाली व मलयाळम या भाषांसाठी तरी हवी होती.