शिमग्याचे कवित्व आणि मांडावरचे गाऱ्हाणे : मालवणी मुलखातील वसंतोत्सवाचा भाषिक विचार

'शिमगा गेला, कवित्व उरले' ही म्हण मराठी भाषकाच्या तोंडी सहज येते. एखादा वाद मिटला तरी त्यावरची चर्चा संपत नाही, अशा प्रसंगी ती वापरली जाते. म्हणीतील 'कवित्व' म्हणजे शिमग्याच्या दिवसांत रचली जाणारी टवाळखोर, बहुधा अश्लील पद्ये. 'एखाद्याच्या नावाने शिमगा करणे' या वाक्प्रचाराचा अर्थही शिवीगाळ, बोंबाबोंब असाच रूढ झाला आहे. प्रमाण मराठीने शिमग्याकडून मुख्यतः आरडाओरडा तेवढा घेतला, असे यावरून दिसते.

अशाच अर्थसंकोचाचे दुसरे उदाहरण 'गाऱ्हाणे' हे होय. प्रमाण मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. ते सांगितले जाते, मांडले जाते किंवा वेशीवर टांगले जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवणी बोलीत मात्र गाऱ्हाणे 'घातले' जाते. तेथे तो देवतेसमोर गावाच्या वतीने केलेल्या विधिपूर्वक विनवणीचा प्रकार आहे. क्रियापद बदलते त्याबरोबर बोलणारा, ऐकणारा आणि बोलण्याचे प्रयोजन ही तिन्ही बदलतात.

शिमगा आणि गाऱ्हाणे हे दोन शब्द ज्या ठिकाणी एकत्र नांदतात ते ठिकाण म्हणजे मालवणी मुलखातील 'मांड'. मांडावरील गाऱ्हाणे आणि शिमग्यातील मोकाट वाणी या एकाच भाषाव्यवहाराच्या दोन बाजू आहेत, आणि पहिलीवाचून दुसरीचा अर्थ लागत नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. शब्द आणि ऋतू

'शिमगा' या शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः संस्कृत 'सुग्रीष्मक' या शब्दापासून, प्राकृत रूपांच्या द्वारे, लावली जाते. मालवणीतील 'शिमगो' आणि कोंकणीतील 'शिगमो' या रूपांत म-ग यांचा क्रम उलटसुलट झालेला आढळतो. शब्दाच्या मुळाशी ग्रीष्माची चाहूल आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. फाल्गुनातील लोकोत्सवाचा उल्लेख हालाच्या 'गाथासप्तशती'तही येतो. त्यातील एका गाथेत फाल्गुनोत्सवात अंगावर फेकलेल्या चिखलाचा निर्देश आहे, आणि उत्सवापुरते ते कृत्य निर्दोष मानले जाते, अशी तेथील भूमिका आहे. अन्य वेळी जो अपराध ठरेल तो ठरावीक दिवसांत अपराध नसतो, ही कल्पना महाराष्ट्री प्राकृताइतकी जुनी आहे.

दक्षिण कोकणात हा काळ शेतीच्या दृष्टीने उसंतीचा असतो. भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे आटोपलेली असते. ओलाव्यावर घेतलेली कुळीथ-चवळीसारखी कडधान्ये घरात आलेली असतात. काजू-आंब्याचा हंगाम नुकताच सुरू होत असतो, आणि पावसाळ्यापूर्वीची भाजावळीची कामे अजून उरकायची असतात. गावातील बहुतेक माणसे एकाच वेळी मोकळी असण्याचा हा काळ होय. गावोगावच्या रिवाजाप्रमाणे येथील शिमगा पाच, सात, नऊ किंवा पंधरा दिवसही चालतो, त्याची संगती या मोकळिकीशी लागते.

होळीच्या विधीतही भाषेचा एक सूक्ष्म भेद दिसतो. देशावर होळी 'पेटवली' जाते. सिंधुदुर्गातील अनेक गावांत ती 'उभी केली' जाते. आंब्याचा किंवा पोफळीचा उंच सोट वाजतगाजत आणून, आंब्याच्या टाळांनी सजवून मांडावर पुरतात. तेथे होळी म्हणजे प्रामुख्याने तो खांब, अग्नी नव्हे. सावंतवाडी तालुक्यातील सांगेली गावात तर दरवर्षी होळीला फणसाच्या झाडाचा नवा बुंधा गिरोबा म्हणून प्रतिष्ठित होतो. झाड रानातून किंवा परसातून गावाच्या मध्यावर येते आणि देव होते.

२. मांड आणि गावऱ्हाटी

'मांड' हा शब्द 'मांडणे' या धातूशी जोडलेला आहे. शिमग्याचे खेळ, नाच आणि बैठक ज्या ठरावीक जागेवर होते ती जागा म्हणजे मांड. गोव्यातही हाच शब्द याच अर्थाने प्रचलित आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक मोकळी जागा वाटेल. परंतु तेथे कोणी कोठे उभे राहावे, पहिला नारळ कोणाच्या हातचा, ढोलावर पहिली काठी कोणाची, हे सारे परंपरेने ठरलेले असते. या व्यवस्थेला 'गावऱ्हाटी' म्हणतात. तिच्या अधिकारी घराण्यांचा निर्देश 'बारा-पाच' या संख्यावाचक जोडशब्दाने केला जातो. गावकर, घाडी, गुरव, राऊळ, देवळी अशी नावे या रचनेत येतात, आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते. देवाचा 'कौल' घेणे हाही याच व्यवस्थेचा भाग आहे. मालवण तालुक्यातील मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा ठरावीक तिथीला न होता देवीच्या कौलाने तिचा दिवस निश्चित होतो, हे सर्वश्रुत आहे.

मांडावरील कोणत्याही कार्याचा आरंभ गाऱ्हाण्याने होतो. नाच, सोंगे आणि थट्टा त्यानंतर.

३. गाऱ्हाण्याची रचना

गाऱ्हाणे हे गद्य आहे, तथापि ते लयबद्ध गद्य आहे. अधिकारी व्यक्ती एक वाक्यखंड उच्चारते आणि जमलेला समुदाय 'होय महाराजा' असा होकार देतो. मालवणी उच्चारात तो 'व्हय म्हाराजा' असा ऐकू येतो. वाक्यखंडाची लांबी एका श्वासात बसेल इतकीच असते; होकार हे त्याचे विरामचिन्ह होय.

त्याच्या अंतर्गत रचनेत साधारणपणे चार टप्पे ओळखता येतात. पहिला टप्पा आवाहनाचा. यात ग्रामदेवतेपासून आरंभ करून सातेरी, रवळनाथ, वेतोबा, लिंगरूप देवस्थाने, पूर्वस, देवचार अशी गावातील स्थळे क्रमाने घेतली जातात. ही नामावली गावागणिक भिन्न असते, आणि तिचा क्रम भौगोलिकही असल्याने ती ऐकताना गावाची सीमा मनासमोर उभी राहते. दुसरा टप्पा समुदायाच्या ओळखीचा : बारा-पाचाचे मानकरी, रयत, लेकरेबाळे. तिसऱ्यात आजच्या प्रसंगाचे निमित्त सांगितले जाते. चौथा टप्पा विनवणीचा. चुकले-माकले पदरात घे, गुराढोरांना व पोराबाळांना सांभाळ, पोटापाण्यासाठी मुंबईला किंवा परमुलखात गेलेल्यांना राख, कोणी वाकडे चिंतले असेल तर त्याचे निवारण कर, अशा स्वरूपाची ही मागणी असते.

व्याकरणाच्या दृष्टीने एक विशेष येथे नोंदवला पाहिजे. संबोधन 'महाराजा' असे राजदरबारी असले तरी क्रियापदे एकवचनी, आज्ञार्थी असतात. देवाला 'तू' म्हणणे मराठी भक्तिपरंपरेत नवीन नाही. परंतु अभंगातील 'तू' एका भक्ताचा असतो. गाऱ्हाण्यातील 'तू'च्या मागे साऱ्या गावाचे 'आम्ही' उभे असते. होकाराशिवाय गाऱ्हाणे पुरे होत नाही, याचे कारण हेच. ते एकट्याचे उच्चारण नसून समूहाने दिलेली संमती आहे.

४. मुभा आणि मर्यादा

गाऱ्हाणे झाले की मांडाची वाणी पालटते. सोंगे येतात, पुरुष स्त्रीवेशात नाचतात, ढोल-ताशांच्या गजरात प्रतिष्ठितांच्या नावाने टवाळी होते. कुडाळ तालुक्यातील नेरूरसारख्या गावी 'रोंबाट' नावाची सोंगांची मिरवणूक निघते. तिच्यातील भव्य देखावे पाहण्यास पंचक्रोशी लोटते. उपहास हा या दिवसांचा धर्म होय.

मिखाइल बाख्तिन या रशियन समीक्षकाने 1965 साली प्रसिद्ध झालेल्या राबलेविषयक ग्रंथात युरोपीय कार्निव्हलची मीमांसा केली. उच्च-नीच भेद तात्पुरते उलटवणारे लोकहास्य हे त्या मीमांसेचे मुख्य सूत्र होय. शिमग्याला ते बऱ्याच अंशी लागू पडते. गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा 'इंत्रुज' याच सुमारास येतो, त्यामुळे तुलना स्वाभाविकही वाटते. तरीही एक भेद मूलभूत आहे. मांडावरील उलथापालथीला आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ती ज्या वाणीने घेतली जाते तीत गावाचा सारा क्रम एकवार उच्चारलेला असतो. ज्याची थट्टा व्हायची त्याचे घराणे काही वेळापूर्वीच मानाने उल्लेखिलेले असते. त्यामुळे उपहास गावाबाहेर फेकणारा न राहता गावातच ठेवणारा होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील समाजसुधारकांनी होळीतील बीभत्सपणाला आळा घालण्यासाठी होलिका संमेलनांसारखे उपक्रम हाती घेतले. शहरातील स्थिती पाहता त्यांची चिंता अनाठायी नव्हती. शहरात बोंब होती, पण तिला बांध घालणारे गाऱ्हाणे नव्हते. प्रमाण मराठीतील 'शिमगा' या शब्दाला आलेला अर्थ बहुधा अशाच सुट्या पडलेल्या शिमग्यातून आला असावा.

५. पेठेतील शिमगा

गावऱ्हाटीची ही व्यवस्था मूळच्या रहिवाशांवर आधारलेली आहे. मग मालवणसारख्या बाजारपेठेच्या गावी काय होते, हा प्रश्न उपस्थित होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास 1664 साली आरंभ झाला आणि त्या परिसराला आरमारी महत्त्व आले. पुढे बंदर आणि व्यापार यांमुळे येथे नाना प्रकारची वस्ती झाली. देऊळवाडा, भरड, मेढा, धुरीवाडा, दांडी, वायरी अशा वाड्या-भागांच्या मधोमध बाजारपेठ आहे. गाबीत, भंडारी, वैश्य, सारस्वत, मुसलमान, ख्रिस्ती असे समाज येथे शेजारी राहतात. यांतील अनेकांना कोणत्याच मांडावर मान नाही.

त्यांना शिमग्याशी जोडणारा शब्द म्हणजे 'शबय'. शिमग्याच्या दिवसांत मुले आणि सोंगे घेतलेले गडी घरोघरी व दुकानोदुकानी 'शबय' मागत फिरतात. प्रमाण मराठीत यालाच 'पोस्त' म्हणतात. शबय ही भीक नव्हे आणि वर्गणीही नव्हे. तिची पावती शब्दांत मिळते. नाच झाल्यावर घरधन्याच्या भरभराटीसाठी दोन शब्दांचे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. ज्याचे नाव मांडावरील मोठ्या गाऱ्हाण्यात येत नाही, त्याचे घर किंवा दुकान अशा रीतीने वर्षातून एकदा गावाच्या वाणीत उच्चारले जाते. पेठेतील समाजजीवनाच्या दृष्टीने हे लहानसे वाक्य मोलाचे आहे.

६. मांडावरून रंगमंचावर

मालवणी मुलखाबाहेरील बहुसंख्य मराठी माणसांनी गाऱ्हाणे प्रथम ऐकले ते नाट्यगृहात. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' 1980 साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने त्याचे हजारो प्रयोग झाले. खेड्यातील हौशी मंडळींच्या नाट्यप्रयोगावर बेतलेल्या या नाटकातील गाऱ्हाणे अतिशय लोकप्रिय ठरले. बोलीला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय या नाटकाला निःसंशय द्यावे लागेल.

परंतु रंगमंचावर येताना गाऱ्हाण्याचा श्रोता बदलला. मांडावर ते देवाला उद्देशून असते आणि समुदाय होकार देतो. नाट्यगृहात ते प्रेक्षकाला उद्देशून असते आणि होकाराची जागा हशा घेतो. यात नाटककाराचा दोष नाही. प्रकार बदलला की प्रयोजन बदलणारच. आज मात्र सभा-संमेलनांत, लग्नसमारंभांत, प्रचारात जी गाऱ्हाणी ऐकू येतात ती रंगमंचीय वळणाची असतात. त्यांत स्थळांची नावे नसतात किंवा कोणत्याही गावाला चालतील अशी असतात. भूगोल गळाला की उरते ते एक विनोदी वृत्त.

मूळ परंपरेपुढील अडचण निराळी आहे. गाऱ्हाण्याची नामावली घराण्यातील एक-दोघांच्या स्मरणात असते, आणि ती वर्षानुवर्षे मांडावर उभे राहूनच पाठ होते. वारसदार मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात नोकरीला असतात. कोकण रेल्वे 1998 साली संपूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून येणे सुकर झाले. तथापि चाकरमान्याची मोठी रजा गणेशचतुर्थीला खर्ची पडते, आणि शिमग्याला तो आला तरी शेवटच्या एक-दोन दिवसांपुरता. सोंग दोन दिवसांत बसवता येते, नामावली येत नाही.

७. नोंदीचा प्रश्न

या परंपरेकडे केवळ हळहळीने पाहणे योग्य होणार नाही. मान जन्माने ठरतो. मांडावरील अधिकारात स्त्रियांना स्थान जवळजवळ नाही. दलित समाजाकडे कामे आली, मान क्वचित आला. मानापमानाच्या वादांतून उत्सव बंद पडल्याची, प्रकरणे न्यायालयापर्यंत गेल्याची उदाहरणे कोकणात नवी नाहीत. गाऱ्हाणे गावाला एकत्र बांधते हे जितके खरे, तितकेच गावात कोणाला किती जागा आहे हेही ते नावांच्या क्रमातून आणि गाळलेल्या नावांतून सांगते. अभ्यासकाने ही दोन्ही अंगे वाचली पाहिजेत.

म्हणूनच गाऱ्हाण्यांचे संकलन करताना केवळ शब्द टिपून भागणार नाही. कोणत्या मांडावर, कोणत्या तिथीस, कोणत्या अधिकाराने ते घातले गेले, कोणत्या स्थळाचे नाव कोणानंतर आले, होकार कोठे पडला आणि त्या वेळी मांडावर कोण नव्हते, या साऱ्याची नोंद हवी. त्यासाठी मानकऱ्यांची संमती हवी, आणि जे उघड करू नये असे त्यांना वाटते ते न छापण्याचा संयमही हवा. बोलीतील उच्चार प्रमाणलेखनात ओढून न घेता जसेच्या तसे राखले पाहिजेत. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांत याच गावांतील विद्यार्थी शिकत असतात. हे काम त्यांच्याकडून, त्यांच्याच वाडीपासून, सुरू होऊ शकते. अनेकांच्या घरी तर ती नामावली पाठ असलेले आजोबा आज ओटीवर बसलेले आहेत.

म्हणीप्रमाणे शिमगा गेल्यावर कवित्व आपोआप उरते. गाऱ्हाणे तसे उरत नाही. ते दर फाल्गुनात कोणीतरी पुन्हा घालावे लागते, आणि होकार देण्यासाठी समोर गाव असावे लागते.