माहेरपण चार दिवसांचे

गेल्या वर्षी पावसाळा सरताना अडुसष्ट वर्षांच्या एक बाई माझ्या दवाखान्यात वरचेवर येऊ लागल्या. छातीत धडधडते, झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, अशा तक्रारी. ईसीजी निर्दोष, थायरॉइड आणि बी-१२ योग्य प्रमाणात. मी आधी आम्लपित्ताची गोळी दिली, नंतर झोपेची. पाचव्या खेपेस उठता उठता त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मला ‘अगं’ म्हणणारे या गावात कोणीच नाही हो.” चार खेपा माझे निदान चुकत होते, हे तेव्हा उमगले.

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. बाईंचा जन्म नैरोबीचा. वडील नोकरीसाठी कोकणातून केनियात गेले. १९६३ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर पुढे अनेक भारतीय कुटुंबे ब्रिटनला गेली, हे कुटुंब मात्र तिथेच राहिले. बाईंनी शाळेत शिकवले, संसार केला. पती गेले, मुलगा कॅनडात. तेव्हा वडिलांच्या गावी, चुलत भावजय आणि पुतण्याकडे त्या राहायला आल्या. निदान तिथे तरी आपण परके नसू, ही आशा.

परके त्यांना कोणी मानले नाही. अडचण वेगळीच होती. “वन्सं, तुम्ही बसा,” म्हणत भावजय हातातली विळी काढून घेई. माहेरवाशिणीचे कोडकौतुक चार दिवस शोभते. ते बारा महिने चालले की माणूस पाहुणा होऊन बसतो. त्यांची मराठी आईवडिलांच्या काळातली, तिच्यात अधूनमधून एखादा स्वाहिली शब्द, मुले हसत. भेटेल तो विचारी, “परत कधी जाणार?” सगळी नाती होती, मैत्री नव्हती. आणि घर नातलगांनी भरलेले असल्यामुळे ही उणीव कोणाला दिसतही नव्हती.

एकटेपणा हा मनाचा चोचला नव्हे. जगात दर सहांपैकी एक व्यक्ती एकाकीपणा अनुभवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात नमूद केले आहे. १४८ अभ्यासांच्या २०१० मधील एकत्रित विश्लेषणात, ज्यांचे सामाजिक संबंध बळकट, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्के अधिक आढळली.

मग मैत्री जुळायला काय लागते? मुख्यतः वेळ. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये, नव्या गावी नुकत्याच राहायला गेलेल्या प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, तर जिवलग मैत्रीला २०० हून अधिक, असा त्यांचा अंदाज. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही; पण दोन-तीन भेटींत कोणी जवळचे झाले नाही म्हणून निराश होऊ नये, एवढे त्यातून निश्चित कळते.

म्हणून मी झोपेची गोळी हळूहळू बंद केली आणि चिठ्ठीवर लिहिले: एकच जागा, एकच वेळ, आठवड्यातून दोनदा, दोन तास, तीन महिने. बाईंनी गावचे वाचनालय निवडले. पहिले तीन आठवडे ‘कधी आलात’च्या पुढे बोलणे गेले नाही. पुढे तिथल्या एका समवयस्क बाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणारे कोणी हवे होते. आमच्या बाई अडखळत वाचत, त्या चुका सुधारत. एकीला डोळे मिळाले, दुसरीला भाषा. थंडीत त्या मैत्रिणीने करांदे दिले. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो ‘मोगो’ नैरोबीत जसा तळून तिखटमीठ लावून खातात, तसे बाईंनी ते करून नेले.

कुटुंबीयांसाठी

बाहेरून आलेल्या ज्येष्ठांना बसवून ठेवू नका. भाजी निवडणे, देवपूजा, नातवंडांचा अभ्यास, जे झेपेल ते काम त्यांच्याकडे सोपवा. एखाद्या समवयस्काकडे, भजनाला किंवा ज्येष्ठ नागरिक संघात पहिल्या दोन-तीन वेळा सोबत जा. नंतर मात्र बाजूला व्हा. त्यांच्या उच्चारांना हसू नका. कानांची तपासणी अवश्य करून घ्या. नीट ऐकू न येणारा माणूस चारचौघांत जाणे हळूहळू टाळतो.

मात्र प्रत्येक तक्रारीचे खापर एकटेपणावर फोडू नये. धडधड, धाप, वजन घटणे यांची तपासणी आधी व्हावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, कशातच गोडी वाटेनाशी झाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर विनाविलंब डॉक्टरांना भेटा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक घरात लिहून ठेवा.

परवा बाई रक्तदाब तपासायला आल्या. मी पट्टा गुंडाळत होतो, इतक्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला: “अगो, आहेस कुठे? वाचनालय उघडून तास झाला!”

रक्तदाब मी नंतर मोजला. आधी त्यांना हसू आवरू दिले.