हौदा कुठे कापायचा?

अमेरिकेतल्या हौशी मोटारींच्या मेळाव्यात रॅट रॉड लांबूनच ओळखू येते. बोनेट नाही, पुढची मडगार्डे नाहीत, इंजिन उघडे, केबिन रस्त्याला टेकल्यासारखी बसलेली, रंगाच्या जागी प्रायमर किंवा नुसता गंज, आणि वेल्डिंगचे टाके लपवायची कुणाला गरजच वाटलेली नाही. आरशासारखा रंग चढवलेल्या, क्रोमने लखलखणाऱ्या महागड्या हॉट रॉडना वाकुल्या दाखवणारा हा प्रकार १९९०च्या दशकात नावारूपाला आला. ‘रॅट रॉड’ या नावाचे श्रेय सहसा ‘हॉट रॉड’ मासिकाचे लेखक ग्रे बास्करव्हिल यांना दिले जाते. गंमत अशी की श्रीमंती सोवळ्याविरुद्धच्या या बंडाने लवकरच स्वतःचे सोवळे तयार केले. पहिला पाट १९२८ ते १९३४च्या फोर्डला. कुणी शेवरोले एस-१० किंवा फोर्ड रेंजरसारखी अलीकडची पिकअप कापून आणली, तर ती पंक्तीबाहेर. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. या परंपरेचा खरा वारसा आज या पिकअपकडेच जातो. त्या कुरूप दिसतात तेव्हा दोष त्यांच्या वयाचा नसतो, कापणाऱ्याने माप न घेतल्याचा असतो.

सुरुवातीची हॉट रॉड कशातून घडली ते आधी पाहू. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तळ्यांवर तरुण मुले वेगाच्या शर्यती लावत. १९३७ साली त्यांच्या क्लबांची सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. या मुलांनी फोर्ड मॉडेल टी आणि मॉडेल ए निवडल्या त्या सौंदर्यासाठी नव्हे. मॉडेल टी दीड कोटी बनल्या होत्या, मॉडेल ए ४८ लाखांवर. त्या गल्लोगल्ली होत्या, स्वस्त होत्या आणि त्यांचे सुटे भाग भंगारात सहज मिळत. १९३२ साली आलेले फोर्डचे ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिनही पुढे याच वाटेने त्यांच्या हाती लागले. म्हणजे दहा-पंधरा वर्षे जुनी, कुणालाही नको असलेली गाडी हा या कलेचा कच्चा माल होता. आज १९३२ची फोर्ड इतकी दुर्मिळ आहे की तिच्या बॉडीच्या पोलादी नकला नव्याने बनवून विकल्या जातात. नवी कोरी नक्कल घ्यायची आणि तिच्यावर गंज चढवून गरिबीचा आव आणायचा, याला बंड कसे म्हणावे? १९८२ ते २००४ या काळात विकली गेलेली एस-१० मात्र भंगारात आजही भेटते. भंगारवाल्याच्या हिशेबाने आजची मॉडेल ए तीच.

पण स्वस्त आहे म्हणून ती देखणी होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर पिकअपच्या रचनेत शोधावे लागते. आजच्या बहुतेक मोटारींची बॉडी आणि चॅसिस एकजीव असतात. तिथे पुढचा भाग कापला की गाडीचा कणाच मोडतो. पिकअपने मात्र जुना शिरस्ता सोडलेला नाही. खाली शिडीसारखी चॅसिस, तिच्यावर रबरी गुटक्यांवर बसवलेली केबिन, मागे वेगळा हौदा. बोनेट, ग्रील आणि मडगार्डे नटबोल्टवर उभी असतात आणि पान्यांनी उतरतात. ती उतरली की एस-१० एकदम अरुंद दिसू लागते, चाके बॉडीच्या बाहेर येतात आणि अर्धी रॅट रॉड तिथेच तयार होते. खरी अडचण पुढच्या एक्सेलची. मॉडेल ए मध्ये पुढचा एक्सेल रेडिएटरच्या जवळजवळ खालीच असतो, त्यामुळे चाके गाडीच्या टोकाला दिसतात आणि लांब नाकाचा तो डौल येतो. अलीकडच्या पिकअपमध्ये रेडिएटर एक्सेलच्या बराच पुढे लोंबतो. हौशी कारागीर इथेच फसतो. मडगार्डे काढून तो थांबतो, आणि गाडी दात काढलेल्या माणसासारखी दिसते. जाणता कारागीर केबिनची पुढची भिंत आत घेऊन इंजिन मागे सरकवतो, रेडिएटर एक्सेलच्या रेषेत आणतो आणि चॅसिसची पुढे आलेली शिंगे छाटतो. या कामाला पैसा फारसा लागत नाही, नजर लागते.

हौद्याचेही तसेच. छोट्या हौद्याच्या एस-१०मध्ये पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १०८ इंचांच्या आसपास, मोठ्या हौद्याच्या गाडीत ११८च्या जवळ. इतक्या लांबीवर केबिन खाली बसवली की गाडी मालवाहू तराफ्यासारखी दिसते. कापायचे तर कुठे? हौदा मागून छाटणे सोपे, म्हणून बहुतेक लोक तेवढेच करतात. मग मागचे चाक केबिनपासून दूर एकटे पडते. चाकाच्या कमानीला हात न लावता कमानीपुढची पट्टी काढावी लागते, एक्सेल तितकाच पुढे घ्यावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट आखूड करून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, आणि मग कमानीमागचे शेपूट जवळजवळ नाहीसे करायचे. चॅसिसचा छेद सरळ न घेता पायरीसारखा घेऊन आतून पट्टी मारली तर सगळा ताण एकाच वेल्डवर येत नाही. अलीकडच्या ट्रकांत उच्च ताकदीचे पोलाद वापरतात. जास्त उष्णता दिली की तापलेल्या भागातली त्याची ताकद उतरते. म्हणून हे काम बेताच्या वेल्डरने करू नये, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मी निमूट मान्य करतो.

छताच्या बाबतीत तर त्यांचीच बाजू वरचढ आहे. केबिनचे खांब चार इंच कापून छत खाली आणणे ही हॉट रॉडची जुनी खूण. मॉडेल ए चे खांब जवळजवळ उभे आणि काचा सपाट. छत सरळ खाली येते आणि कुठलाही काचवाला काच मापाने कापून देतो. अलीकडच्या पिकअपची पुढची काच तिरकी, वक्र आणि गोंदाने चिकटवलेली. खांब ४५ अंशांत कललेला असेल तर चार इंच कापल्यावर छताची कड खांबाच्या टोकापासून चार इंच मागे राहते. मग छत तरी लांबवा, नाहीतर खांब आणखी निजवा. लॅमिनेटेड वक्र काच कापताना तडकण्याची भीती, आणि दाराची टेम्पर्ड काच तर कापताच येत नाही, तिचा चुरा होतो. यावर माझा साधा सल्ला असा की अशा गाडीचे छत कापूच नये. केबिनची फरशी कापून अख्खी केबिन चॅसिसच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवली की काचांना हात न लावता तोच बसका डौल मिळतो. मॉडेल ए ची युक्ती एस-१०वर लादणे हाच मुळात नकलेचा हव्यास आहे.

वायरिंग आणि कॉम्प्युटरची भीती मला अवास्तव वाटते. १९९९च्या शेवरोले सिल्व्हेराडोमधले ५.३ लिटरचे व्ही-८ सुमारे २७० अश्वशक्ती देते, म्हणजे १९३२च्या व्ही-८च्या चौपट, आणि इंजिन चालवायला लागणाऱ्या तेवढ्याच वायरी ठेवून त्याचे वायरिंग सुटसुटीत करता येते. अमेरिकी हौशी मंडळी हे राजरोस करतात. कायदा मात्र खरा अडसर आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर-तपासणीतून सूट आहे, एस-१०सारख्या नंतरच्या गाड्यांना नाही. म्हणजे जास्त धूर ओकणारी जुनी गाडी मोकळी आणि कमी धुराची नवी गाडी तपासणीला उभी. आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही. सुरक्षेचा आक्षेप त्याहून गंभीर आहे. एअरबॅग आणि चुरगळून धक्का पचवणारा पुढचा भाग काढून टाकणे हे नुकसानच. पण तुलना कशाशी करायची? मॉडेल ए ची पेट्रोल टाकी चालकाच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डमागे असते. तिला ना पट्टे, ना अपघातात दबणारा स्टेअरिंग कॉलम. पिकअपचे डिस्क ब्रेक, पट्ट्यांच्या मूळ जागा आणि तो कॉलम जपला तर ती त्या पूजनीय पूर्वजापेक्षा कितीतरी बरी.

राहिला गंज. अलीकडच्या गाड्यांच्या पत्र्यावर बहुधा जस्ताचा थर असतो, त्यामुळे जुन्या फोर्डसारखा एकसारखा तपकिरी गंज त्यावर येत नाही. मग लोक व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून तो आणतात. हे मला खोटे वाटते, आणि डोळ्यालाही ते खोटेच दिसते, कारण गंज पाणी साचते तिथे धरायला हवा आणि फवारा सगळीकडे सारखा बसतो. या गाड्यांचे म्हातारपण वेगळे असते. वरचा पारदर्शक थर पोपडे धरतो, छतावरचा रंग उन्हाने विटतो, खालून राखाडी प्रायमर डोकावतो. तेवढे ठेवून वर मॅट थर मारला तरी पुरते.

या युक्तिवादालाही एक मुदत आहे. २०१५च्या मॉडेलपासून फोर्ड एफ-१५०ची बॉडी ॲल्युमिनियमची झाली. ती तपकिरी गंजत नाही, तिचे पत्रे रिव्हेट आणि गोंदाने जोडलेले असतात, आणि ते पोलादाला साध्या वेल्डिंगने चिकटत नाहीत. तिच्या केबिनची फरशी कापून ती खाली उतरवायला निघालेल्या कारागिराला वेल्डिंगची टॉर्च खाली ठेवून हातात रिव्हेट गन घ्यावी लागेल.